जागतिक विद्यापीठ क्रमवारी आणि उच्च शिक्षणाचे धोरण : नाशिकच्या विद्यार्थी-पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जूनमध्ये क्यूएसची, ऑगस्टच्या मध्यावर शांघायची आणि दिवाळीच्या आगेमागे टाइम्स हायर एज्युकेशनची यादी जाहीर होते, आणि त्या-त्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयात तेच तेच प्रश्न घेऊन विद्यार्थी आणि पालक येतात. मी नाशिकमध्ये पदवीच्या वर्गांना शिकवतो, महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे, म्हणजे आयक्यूएसीचे, काम पाहतो आणि परदेशी शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या मुलांची कागदपत्रे तपासून देतो. खालचे प्रश्न या तिन्ही कामांतून जमलेले आहेत. बरेचसे प्रश्न प्रवेशाच्या निमित्ताने विचारले जातात, पण त्यांची मुळे सरकारी धोरणात असतात, म्हणून उत्तरे थोडी लांबली आहेत.

या क्रमवाऱ्या कोण काढते? त्यामागे संयुक्त राष्ट्रे किंवा एखादे सरकार आहे का?

नाही. आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या तिन्ही याद्या खासगी संस्था काढतात. पहिली जागतिक यादी २००३ मध्ये शांघायच्या जिआओ तोंग विद्यापीठाने प्रसिद्ध केली. चीनमधील विद्यापीठे जगातील अग्रगण्य विद्यापीठांच्या तुलनेत नेमकी किती मागे आहेत, हे मोजून पाहणे हा तिचा मूळ हेतू होता. चीनने १९९८ मध्ये निवडक विद्यापीठांवर मोठा पैसा ओतण्याचा ‘९८५ प्रकल्प’ हाती घेतला होता आणि त्या खर्चाला एक मोजपट्टी हवी होती. २००९ पासून ही यादी शांघाय रँकिंग ही स्वतंत्र सल्लागार संस्था काढते. टाइम्स हायर एज्युकेशन हे ब्रिटिश नियतकालिक आणि क्यूएस ही ब्रिटिश कंपनी यांनी २००४ पासून एकत्र यादी काढली. २००९ नंतर त्यांचे मार्ग वेगळे झाले आणि एकीच्या दोन याद्या झाल्या. ज्या विद्यापीठांना क्रम दिला जातो, त्याच विद्यापीठांना जाहिराती, परिषदा आणि सल्लासेवा विकणे हाही या व्यवसायाचा भाग आहे. ही बाब लपवलेली नाही, परंतु आपल्याकडे ती फारशी कोणी सांगत नाही.

त्यांत नेमके काय मोजतात?

प्रत्येकीचे माप वेगळे आहे आणि हे वेगळेपण समजून घेतल्याशिवाय क्रमांकाला काही अर्थ राहत नाही.

शांघायच्या यादीत १०० पैकी ३० गुण नोबेल पारितोषिक आणि गणितातील फील्ड्स पदक यांना आहेत. त्यांपैकी १० गुण ही पारितोषिके मिळवलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी आणि २० गुण अशा अध्यापकांसाठी. आणखी २० गुण सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या, म्हणजे ज्यांच्या निबंधांचा संदर्भ इतर संशोधक सर्वाधिक देतात अशा, संशोधकांच्या संख्येला, २० ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या दोन नियतकालिकांतील लेखांना, २० आंतरराष्ट्रीय सूचीतील एकूण शोधनिबंधांना आणि उरलेले १० या सगळ्याच्या दरडोई प्रमाणाला. म्हणजे शंभर-दीडशे वर्षांचे, विज्ञानप्रधान आणि श्रीमंत विद्यापीठ डोळ्यांसमोर ठेवून हे माप बेतलेले आहे.

क्यूएसच्या यादीत मतांना मोठे वजन आहे. जगभरातील अध्यापकांना त्यांच्या क्षेत्रातील उत्तम विद्यापीठे कोणती असे विचारले जाते आणि त्या उत्तरांना ३० टक्के वजन दिले जाते; नोकरी देणाऱ्यांच्या मताला आणखी १५ टक्के. उद्धरणांना २० टक्के, अध्यापक-विद्यार्थी प्रमाणाला १० टक्के, आणि उरलेला भाग परदेशी अध्यापक, परदेशी विद्यार्थी, आंतरराष्ट्रीय संशोधन-सहकार्य, पदवीधरांचा रोजगार व शाश्वतता यांत प्रत्येकी ५ टक्क्यांनी वाटलेला आहे. टाइम्सच्या यादीत १८ निकष आहेत आणि त्यांत संशोधनाचे वातावरण व संशोधनाचा दर्जा यांनाच मिळून जवळपास ६० टक्के वजन आहे.

वजने बदलली की जागा बदलतात. क्यूएसने २०२३ च्या जूनमध्ये जाहीर केलेल्या यादीत अध्यापक-विद्यार्थी प्रमाणाचे वजन २० वरून १० टक्क्यांवर आणले आणि काही नवे निकष घातले. त्या एकाच यादीत आयआयटी मुंबई १७२ वरून १४९ वर चढली आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १५५ वरून २२५ वर घसरली. एका वर्षात बंगळूरच्या प्रयोगशाळा ओस पडल्या नव्हत्या आणि पवईत अचानक दुप्पट शास्त्रज्ञही आले नव्हते. बदल मुख्यतः मापात झाला होता, परंतु चढ-उताराच्या बातम्या विद्यापीठांच्या नावाने छापून आल्या.

शिकवण्याचा दर्जा त्यात मोजला जातो का?

थेट मोजला जात नाही. कोणत्याही जागतिक क्रमवारीचा माणूस वर्गात येऊन बसत नाही. एका अध्यापकामागे किती विद्यार्थी, विद्यापीठाचे उत्पन्न किती, पीएच.डी. किती दिल्या, अशा आकड्यांवरून अध्यापनाचा अंदाज बांधला जातो.

मग सरकारे या याद्यांवरून धोरण का आखतात?

कारण एक आकडा मंत्र्यालाही समजतो, पत्रकारालाही समजतो आणि मतदारालाही समजतो. उच्च शिक्षणातली सुधारणा दिसायला वीस-पंचवीस वर्षे लागतात. क्रमवारी मात्र दरवर्षी लागते. त्यामुळे अनेक देशांनी क्रमवारीतील स्थान हेच धोरणाचे उद्दिष्ट म्हणून लिहून ठेवले.

रशियाने २०१२ मध्ये ठरवले की २०२० पर्यंत आपली पाच विद्यापीठे जगातील पहिल्या शंभरांत असतील. योजनेचे नावच ‘५-१००’ असे पडले. निवडक विद्यापीठांना अनेक वर्षे विशेष निधी मिळाला, त्यांचे शोधनिबंध वाढले, पण ठरवलेले लक्ष्य २०२० मध्ये गाठता आले नाही. जपाननेही दहा विद्यापीठे पहिल्या शंभरांत आणण्याचे ध्येय जाहीर केले आणि २०१४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र योजना सुरू केली. जर्मनीत सर्व विद्यापीठे साधारण समान दर्जाची असावीत अशी दीर्घ परंपरा होती. तिथे २००५-०६ मध्ये निवडक विद्यापीठांना वेगळा निधी देणारी ‘उत्कृष्टता योजना’ आली आणि त्या परंपरेला वळण मिळाले.

मला सर्वांत बोलके वाटते ते फ्रान्सचे उदाहरण. फ्रान्समधील बरेचसे संशोधन राष्ट्रीय संशोधन संस्थांच्या प्रयोगशाळांत आणि छोट्या, विशेषीकृत उच्च शिक्षणसंस्थांत चालते. शांघायची पहिली यादी आली तेव्हा गणितात जगाला दबदबा माहीत असलेल्या या देशाची विद्यापीठे फार खाली दिसली, कारण एकाच परिसरातील काम अनेक नावांखाली विखुरलेले होते. त्यानंतरच्या दशकात संस्था एकत्र आणण्याचे धोरण जोरात राबवले गेले. पॅरिसच्या दक्षिणेला अनेक संस्था मिळून पॅरिस-साक्ले विद्यापीठ उभे राहिले आणि २०२० मध्ये शांघायच्या यादीत ते पहिल्याच फटक्यात चौदाव्या स्थानावर आले. एकत्र येण्याचे इतर फायदे असतीलही. पण बहुतांश शास्त्रज्ञ तेच आणि प्रयोगशाळाही त्याच असताना केवळ पाटी एक झाल्याने देशाची प्रतिष्ठा वाढते, ही गोष्ट धोरण आखणाऱ्याने क्रमवारीकडे पाहताना विसरता कामा नये.

भारतात आणि महाराष्ट्रात या क्रमवाऱ्यांचा धोरणावर काय परिणाम झाला?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’ ही योजना आणली. दहा सरकारी आणि दहा खासगी संस्था निवडायच्या, सरकारी संस्थांना प्रत्येकी १,००० कोटी रुपयांपर्यंत निधी द्यायचा, आणि त्या संस्थांनी दहा वर्षांत जगातील पहिल्या ५०० मध्ये व कालांतराने पहिल्या १०० मध्ये यायचे, अशी तिची मांडणी होती. म्हणजे खासगी परदेशी याद्यांतील स्थान हे आपल्या सार्वजनिक खर्चाचे अधिकृत फलित ठरले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने जगातील पहिल्या १०० विद्यापीठांना भारतात काम करण्यास साहाय्य करण्याची भाषा केली. प्रत्यक्षात आयोगाचे नियम नोव्हेंबर २०२३ मध्ये आले तेव्हा मर्यादा पहिल्या ५०० ची झाली, आणि तीही एकूण क्रमवारीत किंवा एखाद्या विषयाच्या क्रमवारीत. नवी मुंबईत काही परदेशी विद्यापीठांचे परिसर येऊ घातले आहेत, ते याच दारातून. नाशिकहून तीन-चार तासांच्या अंतरावर परदेशी पदवी मिळणार म्हणून पालक उत्सुक आहेत आणि ते स्वाभाविक आहे. मात्र ‘पहिल्या ५०० मधील’ हा शिक्का मूळ देशातील मूळ विद्यापीठाचा असतो. इथे कोण शिकवणार, किती पूर्णवेळ अध्यापक असणार आणि ग्रंथालय कसे असणार, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

एनआयआरएफ ही जागतिक क्रमवारी आहे का? आणि नॅकपेक्षा ती वेगळी कशी?

एनआयआरएफ ही केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची देशांतर्गत क्रमवारी आहे. ती २०१५ मध्ये जाहीर झाली आणि पहिली यादी २०१६ मध्ये आली. जागतिक याद्यांत भारतीय परिस्थिती बसत नाही, ही तिच्यामागची एक भूमिका होती, आणि म्हणून तिच्यात सर्वसमावेशकतेसाठी, म्हणजे मुली, अन्य राज्यांतील आणि आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांच्या प्रमाणासाठी, वेगळे गुण आहेत. ही चांगली गोष्ट आहे. नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व मानांकन परिषद, क्रम लावत नाही. ती संस्थेचे मूल्यांकन करून मानांकन देते. ‘ए प्लस’ मिळालेली दोन महाविद्यालये एकमेकांच्या वर-खाली नसतात.

नाशिकमधील नामांकित महाविद्यालये जागतिक याद्यांत का दिसत नाहीत?

हा प्रश्न मला दर महिन्याला एकदा तरी विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा थोडी खंत असते.

पहिले कारण रचनेचे आहे. जागतिक याद्या विद्यापीठांच्या असतात. गंगापूर रोडवरील केटीएचएम असो, कॉलेज रोडवरील शंभरी गाठलेले एचपीटी-आरवायके असो किंवा बीवायके, ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत. पदवी विद्यापीठाची, अभ्यासक्रम आणि परीक्षाही बहुतांशी विद्यापीठाच्या चौकटीतल्या, त्यामुळे यादीत नाव आले तर ते विद्यापीठाचे येते. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतील लाखो विद्यार्थ्यांचा परीक्षांचा भार वाहणारे विद्यापीठ आणि काही हजार निवडक विद्यार्थ्यांचे निवासी संशोधन विद्यापीठ यांना एकाच फूटपट्टीने मोजले की निकाल आधीच ठरलेला असतो.

नाशिकमध्ये मुख्यालय असलेल्या दोन राज्य विद्यापीठांकडे पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असे आहे. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या स्त्रिया, कारखान्यात पाळी करणारे कामगार आणि शेतकरी यांच्यासाठी ते उभारले गेले. एका अध्यापकामागे विद्यार्थी जितके कमी, तितके गुण जास्त, असे मोजणाऱ्या यादीत मुक्त विद्यापीठाने आपले काम जितके चांगले करावे तितके ते खाली जाणार. एनआयआरएफने २०२४ पासून मुक्त विद्यापीठांचा वेगळा गट केला, तो याच अडचणीमुळे योग्य ठरतो. दुसरे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ चे. राज्यभरातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्या महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. राज्यातल्या दवाखान्यांत भेटणाऱ्या असंख्य डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या पदव्या या विद्यापीठाच्या आहेत. रुग्णाची नाडी बघणारा माणूस नीट घडवला गेला की नाही, यासाठी एकाही जागतिक यादीत स्वतंत्र रकाना नाही.

दुसरे कारण मात्र आपले आहे, ते मापावर ढकलता येत नाही, आणि ते म्हणजे अध्यापकांची रिक्त पदे. एनआयआरएफच्या विद्यापीठ गटात पुणे विद्यापीठ २०२४ मध्ये २३ व्या स्थानावर होते, ते २०२५ मध्ये ५६ व्या स्थानावर गेले, आणि त्या घसरणीच्या चर्चेत रिक्त पदांचा मुद्दा पुन्हा वर आला. संलग्न महाविद्यालयांतही वेगळे चित्र नाही. आमच्या कक्षात मार्चअखेरीला माहिती भरायला बसतो तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवणारे एक सहकारी माझ्या शेजारी बसून मला आकडे वाचून दाखवतात. गेल्या खेपेला ‘पूर्णवेळ शिक्षक’ या रकान्यापाशी आल्यावर त्यांनी यादी वाचली, माझ्याकडे पाहिले आणि पुढच्या रकान्यावर बोट ठेवले. आठवड्यातील तासांपैकी माझ्यापेक्षा जास्त तास ते घेतात, पण त्या रकान्यात त्यांचे नाव बसत नाही. क्रमवारी सुधारण्यासाठी परिषदा आणि सल्लागार यांवर खर्च करण्यापूर्वी सरकारने ही पदे भरावीत, असे मला मनापासून वाटते. क्रमांक सुधारो वा न सुधारो, मुलांना कायमचा शिक्षक मिळेल.

परदेशी शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठाचा क्रमांक का पाहतात?

राज्य शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची अनुसूचित जाती व अन्य घटकांसाठीची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या दोन्हींत क्यूएस क्रमवारीतील स्थान विचारात घेतले जाते. अन्य विभागांच्या योजनांतही अशा अटी असतात. शासनाची बाजू समजण्यासारखी आहे. जागा मोजक्या, अर्ज अनेक आणि एका विद्यार्थ्यावर लाखो रुपये खर्च. हा पैसा परदेशातील एखाद्या नाममात्र संस्थेत जाऊ नये यासाठी काहीतरी गाळणी हवी. आकड्याची अट लावली की निवड करणाऱ्यावर पक्षपाताचा आरोपही येत नाही.

पण या गाळणीत काय अडकते, तेही सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातील एक विद्यार्थी वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. निळ्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये प्रवेशाचे पत्र, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि क्रमवारीच्या पानाची छापील प्रत, त्यातल्या एका ओळीवर पिवळ्या पेनाने रेघ. त्याने अर्ज केला तेव्हा ते विद्यापीठ मर्यादेच्या आत होते. जूनमध्ये नवी यादी आली आणि ते मर्यादेबाहेर चार क्रमांक सरकले. विषय माती आणि पाण्याच्या व्यवस्थापनाचा होता आणि त्या विषयात ते विद्यापीठ नावाजलेले होते. वडिलांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, मग एवढ्यात काय बिघडलं त्या विद्यापीठाचं?” त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे खरे उत्तर एकच होते, की काहीही बिघडलेले नाही. यादीच्या त्या भागात दोन-चार क्रमांकांचे अंतर गुणांच्या अपूर्णांकात असते, आणि एवढा फरक सर्वेक्षणातील थोड्या मतांनीही पडू शकतो.

अशा योजनांत एकूण क्रमांकासोबत विषयनिहाय क्रमांकही ग्राह्य धरावा आणि गेल्या तीन यादींची सरासरी पाहावी, असे माझे मत आहे. गाळणी राहील, पण तिची छिद्रे दरवर्षी बदलणार नाहीत.

व्हिसासाठीही क्रमवारी पाहतात, हे खरे आहे का?

हो. ब्रिटनने मे २०२२ मध्ये ‘हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल’ नावाचा व्हिसा सुरू केला. तिन्ही याद्यांपैकी किमान दोन याद्यांत पहिल्या ५० मध्ये असलेल्या परदेशी विद्यापीठाची पदवी गेल्या पाच वर्षांत मिळाली असेल तर नोकरीचे पत्र हातात नसतानाही तिथे जाता येईल, अशी ती सोय होती. त्या पहिल्या यादीत एकही भारतीय संस्था नव्हती. नेदरलँड्समध्येही पदवीनंतर नोकरी शोधण्याच्या मुदतीसाठी पहिल्या २०० विद्यापीठांची अट वापरली जाते. नियम बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या वेळी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच पाहावे.

क्रमवारीसाठीचे आकडे फुगवता येतात का?

येतात, आणि हे मोठ्या नावांच्या बाबतीतही घडलेले आहे. अमेरिकेतील देशांतर्गत क्रमवारीत कोलंबिया विद्यापीठ दुसऱ्या स्थानावर होते. त्याच विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक मायकल थॅडियस यांनी २०२२ च्या सुरुवातीला वर्गांचा आकार आणि पूर्णवेळ अध्यापकांची टक्केवारी याबद्दल विद्यापीठाने दिलेली माहिती जुळत नसल्याचे जाहीरपणे मांडले. विद्यापीठाने पुढे काही आकडे चुकीचे असल्याचे मान्य केले आणि नव्या यादीत ते अठराव्या स्थानावर आले. स्वतःच्याच संस्थेचे आकडे तपासून चूक जगासमोर ठेवणाऱ्या त्या प्राध्यापकांबद्दल मला फार आदर आहे.

आपल्याकडे शोधनिबंधांच्या संख्येला बढतीत आणि क्रमवारीत महत्त्व आल्यापासून पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला. मागे घेतल्या जाणाऱ्या निबंधांची संख्या वाढली, तेव्हा एनआयआरएफने २०२५ च्या यादीत अशा निबंधांसाठी गुण वजा करण्यास सुरुवात केली. हे पाऊल उशिराचे असले तरी योग्य आहे.

मराठीत होणाऱ्या संशोधनाचे या याद्यांत काय स्थान आहे?

जवळपास काहीच नाही, आणि मला हाच सर्वांत गंभीर परिणाम वाटतो. याद्यांसाठी लागणारी उद्धरणे स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या सूचींतून घेतली जातात. त्या सूचींतील बहुतांश नियतकालिके इंग्रजी आहेत. महानुभाव वाङ्मयाच्या पोथ्यांचा पाठ सिद्ध करण्यात वीस वर्षे घालवलेल्या अभ्यासकाचा मराठी ग्रंथ तिथे मोजला जात नाही, आणि वैद्यकातील निबंधाला जितकी उद्धरणे दोन वर्षांत मिळतात तितकी इतिहासातील उत्तम निबंधाला आयुष्यभरात मिळत नाहीत. विषयांमधील हा फरक समतोल करण्याचे गणिती उपाय काही याद्या वापरतात, भाषेच्या बाबतीत मात्र तसा उपाय नाही.

विज्ञानातही हेच घडते. दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीनंतर पाऊस लांबला की डाऊनी येतो, थंडी-धुक्यात भुरी येते. या रोगांवर नाशिकच्या हवामानात कोणती फवारणी कधी लागू पडते, याचे निरीक्षण करून ते शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत लिहिणे हे मोलाचे ज्ञानकार्य आहे. तरुण प्राध्यापकाने ते केले तर त्याच्या विद्यापीठाला क्रमवारीत एकही गुण मिळत नाही. तोच प्राध्यापक दूरच्या देशातील सहकाऱ्यांसोबत इंग्रजी निबंधावर पाचवे नाव लावतो तेव्हा मिळतो. धोरण गुणांच्या मागे गेले की माणसे धोरणाच्या मागे जातात, आणि हळूहळू बागेतला प्रश्न विद्यापीठात पोहोचेनासा होतो. राज्याने स्वतःच्या विद्यापीठांचे मूल्यमापन करताना मराठीतील संशोधनाला आणि स्थानिक प्रश्नांवरील कामाला ठोस वजन द्यावे. त्यासाठी लंडन किंवा शांघायच्या परवानगीची गरज नाही.

काही संस्थांनी क्रमवारीतून अंग काढून घेतले आहे का?

हो. एप्रिल २०२० मध्ये मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, कानपूर, खरगपूर, मद्रास आणि रुरकी या सात आयआयटींनी टाइम्सच्या त्या वर्षीच्या क्रमवारीत भाग न घेण्याचे ठरवले. पद्धतीतील पारदर्शकतेबद्दल समाधान नसल्याचे कारण त्यांनी दिले. स्वित्झर्लंडच्या झुरिक विद्यापीठाने २०२४ मध्ये टाइम्सला माहिती देणे थांबवले. मात्र असे बाहेर पडणे ज्यांचे नाव आधीच मोठे आहे त्यांनाच परवडते.

मग या क्रमवाऱ्यांचा काहीच उपयोग नाही का?

उपयोग आहे. एनआयआरएफमुळे संस्थांना आपली माहिती संकेतस्थळावर ठेवावी लागते. किती विद्यार्थी, किती शिक्षक, ग्रंथालयावर किती खर्च, किती जणांना नोकरी आणि किती वेतन, हे आता पालकाला घरबसल्या वाचता येते. पंधरा वर्षांपूर्वी हीच माहिती मागायला गेलेल्या पालकाला कार्यालयातून उत्तर मिळत नसे. क्रमांकापेक्षा त्यामागचे हे तक्ते अधिक मोलाचे आहेत, आणि आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी ते उघडून दाखवतो.

विद्यापीठ निवडताना क्रमवारी कशी वाचावी?

एकूण यादीआधी आपल्या विषयाची यादी पाहावी. ‘८०१ ते १०००’ असा पट्टा दिला असेल तर त्या पट्ट्यातील सर्व विद्यापीठे यादीच्या दृष्टीने सारखीच आहेत, असे समजावे. एखाद्या सल्लागाराने “टॉप रँकिंग” म्हटले तर यादीचे नाव आणि वर्ष विचारावे. एका पालकांना दाखवलेल्या माहितीपत्रकातील क्रमांक कोणत्या यादीतला होता, हे त्या सल्लागाराला शेवटपर्यंत सांगता आले नव्हते. शुल्क, राहण्याचा खर्च आणि त्या विभागात प्रत्यक्ष शिकवणाऱ्या अध्यापकांची नावे या तीन गोष्टी कोणत्याही क्रमांकाच्या आधी तपासाव्यात.

शिष्यवृत्तीच्या अर्जात कोणत्या वर्षाची क्रमवारी लिहायची?

इथे दरवर्षी गोंधळ होतो. क्यूएस आणि टाइम्स आपल्या यादीला पुढच्या वर्षाचे नाव देतात. जून २०२५ मध्ये आलेली क्यूएसची यादी ‘२०२६’ या नावाने ओळखली जाते. शांघायची यादी मात्र त्याच वर्षाच्या नावाने येते. जाहिरातीत ‘अद्ययावत क्रमवारी’ एवढेच लिहिले असेल, तर अर्ज भरण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर जी यादी दिसते तिचे पान तारखेसह छापून घ्यावे, विद्यापीठाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग प्रवेशपत्राशी जुळवून पाहावे, आणि त्या पानाच्या दोन प्रती काढाव्यात. एक अर्जाला जोडायची आणि दुसरी स्वतःच्या फाइलमध्ये ठेवायची.